लिलिपुटची शीळ

मुलीच्या जातीने शीळ घालू नये, असे आमच्या आजीचे म्हणणे होते. तिच्या स्वयंपाकघरात शिट्टीचा अधिकार फक्त कुकरला होता. त्यामुळे स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या 'लिलिपुट' या बायकांच्या बँडचे 'डी माट्रोझेन', म्हणजे 'खलाशी', हे १९८० सालचे गाणे प्रथम ऐकले, तेव्हा मी दचकले ती त्यातल्या शिळेने. जिथे ध्रुवपद यावे तिथे शब्दच नाहीत. आहे ती ओठांतून बिनधास्त निघालेली शीळ, एकदा ऐकली की दिवसभर डोक्यातून न जाणारी.

१९७८ मध्ये या बायकांनी सुरुवात केली तेव्हा बँडचे नाव होते 'क्लीनेक्स', अर्थात नाक पुसून फेकून द्यायच्या कागदाचे. इंग्लंडच्या रेडिओवर जॉन पील त्यांची गाणी वाजवू लागला, लंडनच्या 'रफ ट्रेड' या रेकॉर्ड कंपनीने ती काढली, आणि मग कागदवाल्या कंपनीने कायद्याचा धाक दाखवल्यावर नाव बदलावे लागले. त्यांनी नवे नाव घेतले ते बुटक्यांच्या कल्पित देशाचे! या खोडकरपणाला माझी मनापासून दाद आहे.

गायिका दोनदा बदलल्या. गिटारवर मार्लेन मार्डर आणि बास गिटारवर क्लाउडिया शिफ या दोघी मात्र शेवटपर्यंत राहिल्या. त्यांना वाजवता येत नव्हते, असे म्हणणे सोपे आहे. पण नीट ऐकले तर चाल बास सांभाळतो आणि गिटार हवे तिथे दोन-चार फटकारे मारून बाजूला होते, हे लक्षात येते, आणि एवढे मोजके वाजवायला चांगलाच कान लागतो. शिळेच्याच तबकडीवरच्या 'स्प्लिट'मध्ये तर यमकांत बांधलेल्या जोडशब्दांची नुसती रेलचेल आहे. गडबड, लगबग, उलटसुलट यांवर वाढलेल्या मराठी कानाला त्यांचा अर्थ विचारावासा वाटत नाही.

१९८३ मध्ये दुसरा अल्बम आला आणि त्याच वर्षी बँड संपला. पुढे १९९३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये आणि २००१ मध्ये अमेरिकेत त्यांची गाणी एकत्र करून पुन्हा काढली गेली, तरी त्या काळाच्या संगीताच्या गप्पांत त्यांचे नाव अजून मलाच काढावे लागते.

भांडी घासताना मी ती शीळ घालून पाहते. पहिली ओळ आता जमते. दुसरीकडे वळताना मात्र नुसती हवाच बाहेर पडते.