पाटीवरचं साल

आमच्या जुन्या संस्थानी म्युझियममध्ये जिन्यासमोर एका दिवाणसाहेबांचं मोठं ऑइल पेंटिंग होतं, ते दीड वर्ष मुंबईला रिस्टोरेशनला गेलेलं, गेल्या गुरुवारी परत आलं. टेम्पो सकाळीच आला पण पेटी लगेच उघडायची नसते, निदान एक दिवस तशीच ठेवायची, इथल्या दमट हवेची सवय होऊ द्यायची. आमचे सर तीनदा येऊन विचारून गेले, "उघडली का?" मी म्हटलं सर, उद्या.

शुक्रवारी स्क्रू काढले, फोम उचलला आणि आमचे शिपाई मामा, ज्यांनी सत्तावीस वर्षं याची फ्रेम पुसलीय, ते म्हणाले, "ताई, हे कोन पाठवलं?"

खरंच ओळखू येईना. आमचे दिवाण म्हणजे कायम काळोखात बसलेले, चहाच्या रंगाचे. ते सगळं पिवळं पडलेलं व्हार्निश होतं, कापसाच्या बोळ्याने बोटभर बोटभर करत काढलंय. आता मागे हिरवा पडदा आहे, आणि आम्ही ज्याला केशरी उपरणं म्हणायचो ते चक्क पांढरंशुभ्र. मिशीसुद्धा बारीक झाली! यूव्ही दिव्याखाली जुनं व्हार्निश हिरवट चमकतं आणि नंतर फासलेला रंग काळा दिसतो, तशी अर्धी मिशी काळी दिसली म्हणे, म्हणजे मधल्या काळात कुणीतरी परस्पर साहेबांच्या मिशीला ताव दिलेला.

पण माझी खरी पंचाईत रिपोर्टमधल्या मागच्या बाजूच्या फोटोने झाली. पूर्वी कधीतरी कॅनव्हासला मेण लावून मागून दुसरं कापड चिकटवलं होतं, ते सोडवल्यावर खाली शिक्का निघाला: विन्सर अँड न्यूटन लिमिटेड, लंडन. शेवटच्या "लिमिटेड"भोवती लाल पेनाने गोल. चित्रकारांना रंग-कॅनव्हास विकणारी ही कंपनी 1832 ची, पण नावात लिमिटेड आलं 1882 मध्ये. आणि आमच्या पितळी पाटीवर? 1870.

ही पाटी मी यायच्या आधीची, पण अकरा वर्षं शाळेच्या पोरांना "बघा, हे काढलं तेव्हा राजा रविवर्मा फक्त बावीस वर्षांचे होते" हे मीच ऐकवत आलेय, आणि काय ठसक्यात ऐकवायचे!

पाटी काढायला गेलो तर स्क्रू गंजलेले, त्यात अर्धा तास गेला. खाली भिंतीचा जुना रंग चौकोनी तसाच. नवीन कागदावर "1882 नंतर" टाइप केलं. सर म्हणाले, "नंतर म्हणजे नक्की कधी?" मी म्हटलं सर, सध्या नंतरच.

शनिवारी सातवीची सहल आली. पोरं जिन्यासमोर थांबली, मी सवयीने "बघा, हे काढलं तेव्हा" इतकं बोलले आणि मागून मामा जोरात खोकले.