कर्जमाफी, अण्णा आणि माझे दोनशे रुपये

३१ मार्च, रात्री

दुपारी गावी अण्णांनी, माझ्या वडिलांनी, सोसायटी भरली, म्हणजे गावच्या सहकारी सोसायटीचं पीककर्ज फेडलं. सोयाबीनचे होते ते पैसे, आणि कमी पडले ते गावातल्याच एकाकडून पंधरा दिवसांच्या बोलीवर उचललेले. एप्रिलमध्ये सोसायटी पुन्हा कर्ज देईल, मग त्याचे त्याला परत. याला नवं-जुनं म्हणतात. मार्चअखेर निम्मं गाव याच धावपळीत असतं. मुदतीत भरलं की तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला व्याज लागत नाही, म्हणून ही कसरत. त्या पंधरा दिवसांचं खासगी व्याज मात्र कुठल्याच सरकारी कागदावर दिसत नाही.

आज ऑफिसात डबा खाताना कर्जमाफीचा विषय निघाला. "आमच्या टॅक्सचे पैसे वाटतात" इथून सुरुवात, आणि शेवट नेहमीसारखा "यांना फुकटाची सवय लागलीय" इथे. मी गप्प जेवलो. बोललो असतो तर दोन्ही बाजूंनी बोललो असतो, आणि असल्या चर्चेत तसल्या माणसाला कुणी विचारत नाही.

उचललं तर फेडायचं, हे मी घरातच शिकलो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीत काढणीला आलेली ज्वारी आडवी झाली, त्या मार्चलाही अण्णांनी सोसायटी भरली. आईच्या पाटल्या गहाण टाकून. पुढे २०१७ ची कर्जमाफी आली. थकबाकीदाराचे दीड लाखांपर्यंत माफ; नियमित भरणाऱ्याला प्रोत्साहन म्हणून भरलेल्या रकमेच्या २५ टक्के, तेही जास्तीत जास्त २५ हजार. २०१९ च्या शेवटी दुसरी जाहीर झाली, दोन लाखांपर्यंतची. त्या वेळी नियमितवाल्यांसाठी ५० हजारांपर्यंतची रक्कम ठरली, पण ती हातात पडायला २०२२ उजाडलं. न भरणाऱ्याचं आधी आणि जास्त, भरणाऱ्याचं नंतर आणि कमी. हा क्रम मला अजून पचलेला नाही. सरकारच्या असल्या दयेवर माझा राग असेल तर तो एवढाच आहे, पण तो खरा आहे.

अण्णांना मात्र तसा राग नाही. त्यांचा राग गावातल्या ठरावीक दोन-तीन माणसांवर आहे. एकानं पीककर्जातून प्लॉट घेतला आणि माफी येणारच म्हणून मुद्दाम थकवलं. त्याचं नाव निघालं की अण्णांचा आवाज चढतो. आणि आमच्या बांधाला बांध असलेले तात्या, ज्यांची विहीर आटली, मुलगी दवाखान्यात होती, त्यांचं माफ झालं तेव्हा अण्णा म्हणाले, "बरं झालं, सुटला बिचारा." यादीत दोघंही थकबाकीदारच. सरकारला तारीख कळते, रक्कम कळते. विहीर आटली की प्लॉट घेतला, हे कळत नाही. दोन लाखांच्या माफीत व्याजासकट आकडा दोन लाखांच्या थोडा जरी वर गेला तरी माणूस पूर्ण बाहेर. त्याची विहीर आटलेली असो नसो.

मग गावानंच ठरवावं का? २०१७ मध्ये लाभार्थ्यांच्या याद्यांचं चावडीवाचन ठेवलं होतं. प्लॉटवाल्याचं नाव वाचलं गेलं तेव्हा अण्णा तिथंच बसले होते. ब्र काढला नाही. का, असं विचारलं तर म्हणाले, "त्याच्याच रानातून आपली पाइपलाइन जाते." आणि पाइपलाइन नसती तरी, खरा गरजू कोण हे गावानं ठरवायचं म्हणजे भावकी आणि जात ठरवणार. त्यापेक्षा आंधळी यादी बरी, असं मला कधी कधी वाटतं.

आजी बहात्तरच्या दुष्काळाचं सांगायची. खडी फोडायला जायची, पाझर तलावाच्या मातीकामावर जायची, मिलो ज्वारीची भाकरी आणि सुकडी खाऊन. त्याचं बोलताना तिच्या आवाजात लाज नसायची, उलट थोडा ताठाच. हात चालवला आणि पैसे घेतले. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना त्याच काळात राज्यभर उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागणाऱ्याला सरकारनं काम द्यायचंच, आणि काम मात्र अंगमेहनतीचं. ज्याला खरंच गरज आहे तोच उन्हात घमेलं उचलायला येणार, त्यामुळे गरजू शोधायला ना यादी लागली ना चावडी. खर्चासाठी १९७५ मध्ये पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला. माझ्या पगारातून दर महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे कापले जातात ते हेच. 'आमच्या टॅक्सचे पैसे' म्हणणाऱ्या आमच्या टेबलावर ही गोष्ट कुणालाच माहीत नसावी.

पण ज्यांचे हातच थकलेत त्यांना घमेलं कसं देणार? आणि गारपिटीला जबाबदार कोण धरायचा? माझा पगार पाऊस पडो न पडो एक तारखेला जमा होतो. हप्ता चुकवत नाही याचा मला जो अभिमान आहे, त्यातला निम्मा त्या एक तारखेचा आहे. कंपनी बुडाली तर मालकाचं राहतं घर सहसा शाबूत राहतं, कायद्यानंच तशी सोय केलीय, आणि बँका थकीत रकमेवर पाणी सोडून मोकळ्या होतात. त्याला कुणी फुकटाची सवय म्हणत नाही. शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर मात्र बोजा चढतो.

म्हणून मला विमा पटतो. वाईट वर्षाची तजवीज चांगल्या वर्षात, थोडे आपले, बाकीचे सरकारचे. २०२३ मध्ये राज्यानं एक रुपयात पीकविमा दिला आणि लोकांनी दुसऱ्यांच्या, देवस्थानांच्या, सरकारी जमिनींवरही विमे उतरवले. २०२५ मध्ये ते बंद झालं, आता खरिपाला पुन्हा विमा रकमेच्या दोन टक्के भरायचे. मला हेच योग्य वाटतं. खिशातून काही गेलं की माणूस जपून अर्ज भरतो.

मघाशी फोनवर अण्णांना हे सांगितलं तर भडकले. "नुकसान माझ्या रानात, आणि सरासरी काढणार अख्ख्या मंडळाची. तुझा विमा तुझ्याकडेच ठेव." यात त्यांचं चुकतंय असंही म्हणता येत नाही. एका महसूल मंडळात वीस-पंचवीस गावं; ओढ्याकाठची आमची पट्टी वाहून गेली तरी सरासरी हलत नाही. मी म्हटलं, मग कर्जमाफीच हवी का? म्हणाले, "माफी नको. भाव दे." आणि विहिरीवर लाइट आलीय म्हणून फोन ठेवला.