मुळं समोर ठेवली तेव्हा
आमच्या माती प्रयोगशाळेत माती येते, माणूस सहसा येत नाही. त्या दिवशी माणूस आला आणि मक्याची चार रोपं मुळांसकट माझ्या टेबलावर ठेवली. "ताई, तुम्ही लिहिलं तेवढं खत घातलं. हे बघा."

मुळं आखूड, जाड, टोकाशी तपकिरी, आणि बारीक फाटे जवळजवळ नव्हतेच. अशी मुळं पाहिली की पहिला संशय अल्युमिनियमचा. सामू, म्हणजे pH, साडेपाचच्या खाली गेला, माती तेवढी आम्ल झाली की ते मातीच्या पाण्यात विरघळतं आणि मुळाचं टोक वाढायचं थांबतं.

जुना अहवाल काढला. सही माझी. सामू ४.६, आणि खाली नत्र, स्फुरद, पालाश यांची छापील मात्रा. आम्लता उतरवणाऱ्या चुन्याचं नाव नाही. स्फुरद मोजलेलं ऑल्सेन पद्धतीने, जी मुळात चुनखडीच्या जमिनींसाठी बसवलेली. अशा आम्ल मातीला ब्रेची पद्धत घ्यायला हवी होती. विनिमयक्षम, म्हणजे मातीच्या कणांना सैल चिकटलेल्या अल्युमिनियमला तर आमच्या तक्त्यात रकानाच नाही. या तक्त्याचा मला फार दिवसांपासून राग आहे, तरी मी त्यावर सही करत आले.

"वर एवढं दाट जंगल होतं ताई, मग माती कसदार नको?"

उष्ण कटिबंधातल्या पुष्कळ जमिनींची अडचण हीच आहे. लाखो वर्षांच्या पावसाने कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिकासुद्धा धुऊन नेलं. उरले लोह-अल्युमिनियमचे ऑक्साइड. लाल रंग त्यातल्या लोहाचा, आणि घातलेलं स्फुरद हेच ऑक्साइड धरून ठेवतात. जंगलाचा कस झाडांतच असतो. पान पडतं, उष्णतेत भराभर कुजतं, आणि वरच्या थरातली मुळं नि बुरशी ते लगेच उचलतात. यांनी झाडं जाळली, राखेने आम्लता तात्पुरती उतरली, म्हणून पहिलं पीक जोमदार आलं. मग राखेचा जोर ओसरला.

उपाय आहे, हे सांगताना मला हुरूप आला. ब्राझीलमधल्या सेराडो या गवताळ-झाडोऱ्याच्या प्रदेशाची जमीन अशीच होती, पडीक समजली जाणारी. १९७३ मध्ये एम्ब्रापा ही संशोधन संस्था निघाली. चुना, स्फुरद, तिथे तग धरणारे सोयाबीनचे वाण, आणि संशोधक योहाना डोबेराइनर यांनी लावून धरलेले, हवेतलं नत्र पिकाला मिळवून देणारे जिवाणू, यांवर तिथलं चित्र पालटलं. २००६ चा जागतिक अन्न पुरस्कार या कामासाठी तिघांना मिळाला. मी भरभरून बोलत होते.

ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे चुना टाकला की उरलेलं जंगलही लावणीखाली आणता येईल?"

सेराडोची जवळजवळ निम्मी नैसर्गिक वनस्पती गेली, हे मी तोवर सांगितलंच नव्हतं. मग सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "पोरं दोन आहेत, ताई," एवढंच बोलले, आणि जाताना दुसरी पिशवी ठेवून गेले. झाडांखालची माती.

त्यांच्या शेताचं काम मी त्याच संध्याकाळी केलं. पोटॅशियम क्लोराइडने अल्युमिनियम काढलं, टायट्रेशन केलं, चुन्याची मात्रा हाताने लिहिली, रकाना नसताना. चूक माझ्या सहीची होती, तेही लिहिलं.

दुसऱ्या पिशवीचाही आकडा निघेलच. काळीभोर, पानांच्या वासाची माती ट्रेमध्ये सावलीत वाळली आहे. चाळायला मी अजून घेतलेली नाही.