आधी पंचनामा, मग फवारणी

बोरिवली पूर्वेला नॅशनल पार्कच्या बाजूला ज्यांची तळमजल्याची घरं आहेत त्यांना एक सुख आणि एक ताप एकदमच मिळतो. सुख म्हणजे मागच्या कंपाउंडच्या भिंतीपर्यंतची चिंचोळी मातीची पट्टी, आणि ताप म्हणजे त्या पट्टीत काहीही लावा, ते आपल्याआधी दुसरंच कोणीतरी खाऊन जातं. मग माणूस वैतागून कुरतडलेल्या वांग्याचा फोटो ग्रुपवर टाकतो आणि लगेच उपायांचा पाऊस सुरू, एक म्हणणार नीम ऑइल मारा, दुसऱ्या ताई म्हणणार मिरची-लसणाचं पाणी, तिसरे काका म्हणणार जुन्या सीडी लटकवा, कोणीतरी हिंग सुचवणार, पण एकही जण हे विचारणार नाही की अहो आधी बघा तरी खाल्लंय कोणी! माझं म्हणणं एवढंच आहे की मुंबईत बागेचा बंदोबस्त करायचा तर पहिलं काम पंचनामा, बाटली नंतर उघडायची.

आणि पंचनामा वाटतो तेवढा कठीण नसतो. फळावर समोरच्या दातांचे जोडीजोडीने समांतर ओरखडे असतील तर उंदीर किंवा घूस. टोमॅटोचा एक लचका तोडून बाकीचा तिथेच टाकलाय, फांदी मोडलीये, एखादं रोप उगाच उपटून बघितलंय, तर माकड, त्याच्याइतकी नासाडी दुसरं कोणी करत नाही. पानाला वेडीवाकडी भोकं आणि आजूबाजूला वाळलेली चमचमती रेघ म्हणजे गोगलगाय. भोकं आहेत पण रेघ नाही आणि खालच्या पानावर काळे बारीक दाणे पडलेत तर अळी, ती बहुतेक त्याच पानाच्या पाठीला चिकटून बसलेली असते. आणि मिरची अर्धी टोचून खाल्लेली दिसली की समजायचं बुलबुल किंवा पोपट, कारण पक्ष्यांना तिखट लागतच नाही. त्यामुळे मिरचीचं पाणी पोपटासाठी मारणं म्हणजे शुद्ध वेळ घालवणं. उंदराला ते झोंबतं खरं, पण जुलैच्या पावसात ते पानावर टिकणार किती वेळ हा प्रश्न उरतोच.

आता गोगलगायींबद्दल जरा सविस्तर बोलतो कारण आमच्याकडे पावसाळ्यातला एक नंबरचा चोर तीच आहे. भिंतीवर, पाइपवर, अगदी वॉचमन काकांच्या खुर्चीवर सुद्धा चढलेली ती मोठी तपकिरी शंखवाली. ही इथली नाहीच, मूळची पूर्व आफ्रिकेची. 1847 मध्ये बेन्सन नावाच्या इंग्रज माणसाने मॉरिशसहून कलकत्त्याला आणली आणि मग ती देशभर पसरली. एका वेळी शंभरावर अंडी घालते, मातीत साबुदाण्याएवढी पिवळट पांढरी अंडी सापडली तर ती बहुतेक हिचीच. लोक तिच्यावर थेट मीठ टाकतात. मरते ती, पण मीठ मातीत जातं आणि पुढे तिथे मेथीसुद्धा धड येत नाही. मला पटलेली पद्धत जुनीच आहे, संध्याकाळी गोणपाट ओलं करून वाफ्याच्या कडेला टाकायचं, खाली पपईची नाहीतर कोबीची पानं ठेवायची आणि रात्री जेवण झालं की टॉर्च घेऊन जायचं, सगळ्या तिथे जमलेल्या असतात. हातमोजे घालून उचलायच्या आणि मिठाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाकायच्या, नंतर ते पाणी झाडाजवळ ओतायचं नाही. हातमोज्यांबद्दल कंटाळा करू नका, या गोगलगायींच्या अंगात उंदरांकडून आलेले जंत असू शकतात आणि ते माणसाच्या मेंदूपर्यंत जाऊ शकतात, म्हणून बागेतली पालेभाजी पण नीट धुवून, शिजवूनच खायची. दुकानात गोळ्या मिळतात त्यांच्यासाठी, पण त्या कुत्र्या-मांजरांना पण विषारी असतात आणि आमच्या गल्लीत कुत्री कमी नाहीत, म्हणून मी घेत नाही. भारद्वाज मात्र या गोगलगायी खातो. तो दिसला की आई शुभ म्हणून हात जोडते, मी पण जोडतो, माझं कारण वेगळं.

दुसरा नंबर फळमाशीचा. दुधी, दोडका, काकडी, कारलं लावणाऱ्या सगळ्यांची एकच रड असते, फळ बोटाएवढं होतं, मग पिवळं पडतं, वाकडं होतं आणि गळतं. बहुतेकांना वाटतं खत कमी पडलं. खत घालून घालून माती जाळतात बिचारे. गळलेलं फळ चिरून बघा, आत पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसल्या की विषय संपला. माशी कोवळ्या फळाला टोचून आत अंडी घालते, टोचलेल्या जागी डिंकासारखा थेंब येतो, तो दिसला म्हणजे उशीर झालेला असतो, मग वरून कितीही फवारा मारा आत काही पोचत नाही.

इथे सापळ्याचा एक घोळ सांगतो. आंब्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा प्रसिद्ध आहे, कोकणातल्या बागांमध्ये लटकवलेला बघितला असेल तुम्ही. त्यात मिथाइल युजेनॉल असतं आणि त्याला आंब्यावरच्या माशीचे नर येतात. वेलवर्गीय भाज्यांवरची माशी वेगळी, तिच्यासाठी क्यू ल्युअरची वडी लागते. गावाहून आंब्याचा सापळा आणून दुधीच्या मांडवाला लावायचा आणि मग सापळे काही कामाचे नसतात म्हणायचं हे मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय. वडी घेताना भाजीचं नाव सांगून मागा. तरी दोन-चार वेल असलेल्या माणसाला सापळ्यापेक्षा पिशवीच बरी. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, तेव्हाच नर फूल तोडून मादी फुलाला हलकेच लावायचं (मादी फुलाच्या मागे छोटा दुधी असतोच, ओळखायला सोपं), आणि दुसऱ्या दिवशी त्या बाळ दुधीला पिशवी चढवायची. उन्हाळ्यात पेपरची चालते, पावसाळ्यात तिचा लगदा होतो, म्हणून मी जुन्या ओढणीच्या सैल पिशव्या शिवून घेतल्यात. मांडवाला रंगीबेरंगी पिशव्या लटकलेल्या बघून वरच्या मजल्यावरच्या काकूंनी कसला नवस आहे म्हणून विचारलं होतं. गळलेली फळं मात्र मातीत किंवा कंपोस्टच्या ड्रममध्ये टाकायची नाहीत, त्या अळ्या मातीतच कोष करतात. जाड प्लॅस्टिकमध्ये गच्च बांधून उन्हात ठेवायची, मग कचऱ्यात.

घूस. नाव काढलं तरी अंगावर काटा येतो. बिळाच्या तोंडाशी मातीचा ढीग, रताळं आतून पोखरलेलं, चांगलं हातभर झालेलं रोप बुडापासून आडवं. जुन्या लोकांचा उपाय म्हणजे बिळात फुटक्या काचा घालून वर सिमेंट, पण मग त्याच मातीत आपण हात घालणार आहोत हे कोणाच्या लक्षात येत नाही. आणि घूस शेजारून दुसरं बीळ काढतेच. विष घातलं तर ते खाऊन मेलेला उंदीर मांजर खातं, घुबड खातं, म्हणजे जो फुकट पहारा देत होता त्यालाच आपण संपवतो. मी वाफ्याच्या तळाला आणि कडेने फूटभर खोल अर्ध्या इंची वेल्डेड जाळी पुरून घेतली, खर्च एकदाच. बाकी बिळांसाठी महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात कीटकनाशक विभाग असतो, तिथे तक्रार द्यायची. आणि कंपोस्टच्या ड्रममध्ये शिजवलेलं अन्न, चपाती, मासळीचं काही टाकत असाल तर घुशीला तुम्हीच आमंत्रण दिलंय, तिच्या नावाने बोटं मोडू नका. आमच्या भागात उघडं खरकटं म्हणजे नुसती घूस येत नाही, त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे पार्कातून बिबट्या येतो हे बोरिवलीकरांना वेगळं सांगायला नको.

याला जोडूनच लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, उंदराच्या मुतातून पसरणारा ताप. पावसाळ्यात उंदराचं मूत मिसळलेल्या चिखलात पायाला जखम घेऊन अनवाणी उभं राहणं मुंबईत परवडत नाही, 26 जुलै 2005 च्या पुरानंतर काय झालं ते आठवतंय ना. गमबूट घाला, आणि तुंबलेल्या पाण्यातून जावंच लागलं तर 72 तासांच्या आत डॉक्टरांना लेप्टोच्या प्रतिबंधक गोळीबद्दल विचारा.

आता माकडं. साधारण 103 चौरस किलोमीटरचं जंगल भिंतीपलीकडे असताना माकड येणार नाही ही अपेक्षाच चुकीची आहे. लालतोंडी माकडं फळं आणि टोमॅटोवर तुटून पडतात, काळ्या तोंडाचं वानर आलं तर शेवग्याचा आणि चवळीचा पाला साफ. फटाके, वानराचं कटआउट, मोबाइलवर वाघाची डरकाळी, सगळं थोडे दिवस चालतं. मग त्यांना कळतं की यात काही दम नाही. खरा प्रॉब्लेम आपल्याच माणसांचा आहे, शनिवारी पुण्य म्हणून गेटवर केळी वाटायची आणि रविवारी माकडांनी बाग उध्वस्त केली म्हणून कमिटीकडे अर्ज द्यायचा. कमिटीने तरी काय करायचं? मी शेवटी यादीच बदलली. भिंतीच्या बाजूला अळू, हळद, आलं, गवती चहा, ओवा, कढीपत्ता, म्हणजे ज्याला माकड सहसा तोंड लावत नाही. टोमॅटो आणि काकडी खिडकीच्या ग्रिलच्या आत. हे काहींना हार मानल्यासारखं वाटतं, मला अजिबात वाटत नाही, अळूचं फदफदं आणि वड्या घरच्या पानांच्या होतात तेव्हा तर नाहीच.

जाळीबद्दल एक कळकळीची विनंती. नायलॉनची पातळ जाळी सैल सोडू नका आणि जमिनीपर्यंत लोंबकळत ठेवू नका. त्यात पक्षी अडकतात आणि धामण अडकते, ती सुटायला जेवढी धडपडते तेवढी जाळी अंगात रुतते. धामण बिनविषारी, उंदीर खाणारी, म्हणजे आपल्याच बाजूची. अडकली तर स्वतः हात लावायचा नाही, वन विभागाची हेल्पलाइन आहे 1926, तिथे फोन लावायचा. मारणं तर सोडाच, 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे तो. जाळी लावायचीच तर जाड, ताणून, चौकटीवर बसवलेली.

किड्यांचं थोडक्यात आटपतो. मावा आणि पिठ्या ढेकूण (दोन्ही झाडाचा रस शोषणारे बारीक किडे) दिसले की आधी मुंग्यांची रांग शोधा, त्या गोड चिकट रसासाठी त्यांना सांभाळतात, मुंग्या तोडल्या की अर्धं काम होतं. शेजारची जास्वंद बघा, पिठ्या बहुतेक तिथूनच आलेला असतो. मग पाण्याचा जोरदार फवारा, आणि तरी राहिले तर लिटरला 5 मिली नीम ऑइल, थोडा साबण, संध्याकाळी, पानाच्या पाठीमागून. वांग्याचा शेंडा मान टाकून बसला असेल तर आत अळी आहे, तो थोडा खालपासून कापून नष्ट करायचा, फवारणीची वाट बघायची नाही. आणि ढालकिडे (लेडीबर्ड) मारू नका हो, त्यांच्या काळ्या-केशरी अळ्या भयंकर दिसतात पण मावा त्याच खातात. वांग्यावर त्यांच्यासारखाच दिसणारा, पण मळकट, न चमकणारा, पुष्कळ ठिपक्यांचा भुंगा असतो, तो पानाची चाळणी करतो. त्याला मात्र खुशाल वेचा.

खारीवर उपाय नाही. चवळीची फुलं खाते, कोवळ्या शेंगा कुरतडते, माझ्याकडे बघत बघत खाते. खारीचा वाटा देऊन टाकलाय तिला.

आता पाऊस ओसरला की वाल लावायचेत. कोणाकडे अलिबागकडच्या कडव्या वालाचं गावठी बी असेल तर कमेंटमध्ये सांगा, बदल्यात अळूचे कंद देतो, भरपूर झालेत.