तेरेखोल : नदी आणि गाव

आज गोव्यातील केरीच्या धक्क्यावरून फेरीबोटीने तेरेखोल नदी ओलांडून त्याच नावाच्या गावात गेलो. सह्याद्रीत उगम पावून बांद्यावरून येणारी ही नदी मुखापर्यंत गोवा आणि महाराष्ट्र यांची सीमा असेल, असे नकाशा पाहताना वाटते. प्रत्यक्षात उत्तर तीरावरचे हे चिमुकले गाव गोव्यातच मोडते, कारण सावंतवाडीच्या भोसल्यांचा येथील किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी जिंकला आणि सीमा त्या ताब्यानुसार राहिली. जमिनीने मात्र ते सिंधुदुर्गातील रेडीच्या बाजूला जोडलेले आहे. १९५४ मध्ये सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा फडकवला होता. तेथील चर्चपेक्षा (ते सुबक आहे, हे खरे) मला त्या तटावर रेंगाळणे अधिक भावले.