सांदवाडीतली सही

आज सकाळी घरामागच्या सांदवाडीत आईनं खराटा उगारलाच होता. पपईपासून न्हाणीच्या कुडापर्यंत भलं मोठं जाळं, अन् मधोमध पिवळ्याजर्द पट्ट्यांचा कोळी. "इखारी असन थे, झाडून टाकतो!" मी म्हटलं, "माय, थांब. जवळून तर पाह्य."

डोकं खाली करून, आठ पाय दोन-दोनच्या जोडीनं फाकवून बसलेली. दुरून चारच पायांची फुली वाटावी. पायांच्याच रेषेत पांढऱ्या रेशमाची नागमोडी नक्षी, कोणी सही केल्यासारखी. म्हणूनच हिला सिग्नेचर स्पायडर म्हणतात, शास्त्रीय नाव अर्जिओपी. ही मादी. नर एवढासा, मळकट तपकिरी, नजरेतही भरत नाही. ती नक्षी किडे ओढायला की पाखरांना जाळं दिसावं म्हणून, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

काडीनं जरा डिवचलं तर तिनं अख्खं जाळं गदागदा हलवलं. बस, एवढाच तिचा राग. माणसाला हिच्या विषाचा धोका नाही. तेवढ्यात एक नाकतोडा अडकला. मागच्या पायांनी रेशीम ओढत तिनं त्याची पाहता पाहता पुरचुंडी बांधली. किती सुंदर काम! आई खराटा टेकवून पाहतच राहिली.

संध्याकाळी पाण्याची बादली घेऊन आई त्याच वाटेनं गेली. जाळ्याखालून, वाकून.