जुनं गॅस्केट फेकलं नाही म्हणून पैसे सुटले

माझ्या गॅरेजवर एक गाडी टो करून आली होती, गरम होऊन रस्त्यात बंद पडलेली. डिपस्टिक (ऑइल तपासायची पट्टी) काढली तर ऑइल पार दुधाळ, म्हणजे कूलंट, इंजिन थंड ठेवणारं पाणी, आत शिरलेलं. मी लगेच मालकाला फोन केला की साहेब वॉटर पंप गेलाय, हेड गॅस्केटही उडालंय, हेड खोलावं लागेल, वाकलं असेल तर फेसिंगही करावं लागेल, इतका खर्च येईल. (हेड म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, गॅस्केट म्हणजे त्याच्या आणि खालच्या ब्लॉकच्या मधलं पातळ सील, फेसिंग म्हणजे हेड मशीनवर घासून सपाट करणं.) ते म्हणाले करून टाका. सगळं तोंडी. तेवढा एक मेसेज टाकून होकार घेतला असता तर पुढचं काहीच झालं नसतं.

काम झाल्यावर बिल बघून म्हणाले, "मी फक्त पाणी गळतंय ते बघा म्हणालो होतो. चावी द्या, पैशाचं नंतर बघू." आवाज चढला, पण मी चावी दिली नाही. केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत गाडी थांबवायचा हक्क असतो आपल्याला (विकायचा किंवा वापरायचा नाही, हे पण लक्षात ठेवा), आणि गाडी एकदा दाराबाहेर गेली की तो हक्कही गेल्यातच जमा, मग नोटिसा आणि कोर्टाच्या फेऱ्या. पार्टवाल्याचे, फेसिंगवाल्याचे पैसे मी खिशातून भरलेले, पोरांचा पगार डोक्यावर, रात्रभर झोप नाही.

दुसऱ्या दिवशी मेव्हण्याला घेऊन आले. मी काही बोललो नाही, जुनं गॅस्केट टेबलावर ठेवलं. दोन सिलिंडरच्या मधली पट्टी जळून काळी, एका जागी तर पत्राच उरला नव्हता. मग फेसिंगच्या आधीचा फोटो दाखवला, हेडवर सरळपट्टी ठेवलेली आणि खाली फिलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पानांचं) ०.१५ मिमीचं पान आरामात आत गेलेलं, जिथे ०.०५ चं पण जायला नको, म्हणजे हेड वाकलेलंच. मेव्हण्याने गॅस्केट उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "अहो, हे केल्याशिवाय गाडी चाललीच नसती."

मग साहेब हळू आवाजात म्हणाले, हात तंग आहे. हे आदल्या दिवशी सांगितलं असतं तर मी हप्ते करून दिले असते हो, खरंच. निम्मे तेव्हाच दिले, उरलेले आठवड्याने.

गाडी न्यायला आले तेव्हा फॅन सुरू होईपर्यंत इंजिन चालू ठेवून दाखवलं, तापमानाचा काटा मध्यावरच. निघताना त्यांनी ते जळकं गॅस्केट मागितलं. मी पिशवीत घालून दिलं.